हिमनद्यांची हजेरी

शाळेंतील चौतीस वर्षांच्या नोकरींत आम्हीं हिमनदी निदान शंभर वेळां तरी फळ्यावर काढली असेल. वर पांढरें हिमक्षेत्र, तेथून खालीं उतरणारी बर्फाची जीभ, तिच्या दोन्ही कडांस दगडगोट्यांचे बांध आणि शेवटीं जिभेच्या टोंकांतून निघणारा ओढा. एवढें खडूनें रेखाटलें कीं तो पाठ संपत असे. वस्तुतः आम्ही संस्कृतचे शिक्षक. भूगोल आमच्याकडे आला तो शाळेंत शिक्षक अपुरे पडत म्हणून. त्यामुळें पर्वताचा विषय निघाला कीं आमच्या तोंडीं प्रथम अमरकोशांतील नांवें येत. अचल, म्हणजे जो हालत नाहीं तो. अहार्य, म्हणजे ज्याला कोणी हरण करून नेऊं शकत नाहीं तो. मुलें हीं नांवें पाठ करीत, आणि त्यांच्या खरेपणाविषयीं मुलांना किंवा आम्हांला कधीं शंका आली नाहीं. ती शंका २०२५ सालच्या वसंतऋतूंत आल्प्स पर्वतांत आली.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त झुरिक शहरीं राहतात. नातीच्या वसंताच्या सुट्टींत तुम्ही दोघांनीं यावें, असा त्यांचा आग्रह दोन वर्षें चालला होता. घरांत या बेताला विरोध एकट्या दादांचा, म्हणजे आमच्या वडीलबंधूंचा. ते ऐंशीच्या घरांत असून आमच्या एकत्र कुटुंबांत शेवटचा शब्द अजून त्यांचाच चालतो. ते म्हणाले, "अरे, हिमालय आपल्या दाराशीं असतां बर्फ पाहायला तुला आल्प्स कशाला पाहिजे? तिथं काय निराळं शिकशील?" खर्चाचा आंकडा त्यांनीं उच्चारला नाहीं, पण तो त्यांच्या मनांत होता. आम्हांजवळ उत्तर नव्हतें. अखेर वहिनींनीं मध्यस्थी केली, मेतकूट व भाजणी यांचे डबे भरून दिले आणि आम्ही उभयतां निघालों. परंतु दादांचा प्रश्न सामानाबरोबर आलाच.

झुरिकहून आगगाडीनें सुमारें दोन तासांत इंटरलाकेन येतें. थून आणि ब्रियेंझ या दोन सरोवरांमधील सपाटीवर हें गांव वसलें आहे, आणि नांवहि त्याच अर्थाचें आहे. लॅटिन भाषेंतील 'इंटर' हा आपल्या 'अन्तर्' या शब्दाचा सख्खा भाऊ. तेथें गाडी बदलून वीसेक मिनिटांत आम्ही लाउटरब्रुनेनच्या दरींत शिरलों, आणि खिडकींतून पाहतांच, वर्गांत उभे असल्याप्रमाणें, "हीच ती!" असे उद्गार आमच्या तोंडून निघाले. नदीनें कोरलेली दरी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी आणि हिमनदीनें कोरलेली 'यू' अक्षरासारखी असते, हें वाक्य आम्हीं किती वर्गांकडून घोकून घेतलें होतें! आपल्या सह्याद्रींतील दऱ्या बहुधा पहिल्या जातीच्या. येथें मात्र तळ ताटासारखा सपाट आणि दोन्ही बाजूंचे कडे भिंतीसारखे ताठ. हिमयुगांत या दरींतून बर्फाचा प्रवाह जात होता. तो गेला आणि त्याचा सांचा मागें राहिला.

या कड्यांवरून जागोजाग पाणी कोसळत असतें. त्यांतील स्टाउबाख हा प्रपात जवळजवळ ३०० मीटर उंचीचा आहे. 'स्टाउब' म्हणजे धूळ. पाणी अर्ध्या वाटेवर येतें न येतें तोंच वाऱ्यानें त्याची धूळ होते आणि ती कधीं या बाजूस तर कधीं त्या बाजूस झुलत खालीं येते. जर्मन महाकवि गटे १७७९ सालीं येथें आला होता, आणि मनुष्याच्या आत्म्याला जलाची उपमा देणारी त्याची प्रसिद्ध कविता या प्रपाताच्या दर्शनांतून निघाली. पुढें शाकुंतलाचें भाषांतर वाचून ज्यानें कालिदासाचा मुक्तकंठानें गौरव केला, तोच हा गटे. त्यामुळें त्या परक्या गांवांत, ओळखीचें कोणी तरी आपल्यापूर्वीं येऊन गेलें आहे, असें आम्हांस वाटलें.

आल्प्समधील वसंत एका ठिकाणीं बसून दिसत नाहीं. त्यासाठीं चढावें लागतें. दरीचा तळ सुमारें ८०० मीटर उंचीवर आहे. तेथें सफरचंद व चेरी यांचीं झाडें फुललेलीं आणि कुरणें पिवळ्या फुलांनीं भरलेलीं. त्याच्यावर, १२७४ मीटरांवरील वेंगेन गांवांत, झाडें नुकतीं कोंभ धरीत होतीं. दोन हजार मीटरांवर तर अजून माघ महिनाच चालला होता. मात्र बर्फाची कड जेथें वितळून मागें सरली होती, तेथें ओल्या तपकिरी गवतांतून केशराच्या जातीचीं पांढरीं-जांभळीं इवलीं फुलें वर आलेलीं दिसत. या दिवसांत केव्हां केव्हां दक्षिणेकडून पर्वत ओलांडून एक ऊन व कोरडा वारा येतो. त्यास तेथें 'फॉन' म्हणतात. चढतांना तो आपली ओल पलीकडच्या उतारावर टाकून देतो आणि उतरतांना दाबामुळें तापतो. तो सुटला म्हणजे बर्फ पाहतां पाहतां खचतो.

वसंतांत जाणाऱ्यांनीं एक गोष्ट आधींच ध्यानांत घ्यावी. हिवाळ्यांतील बर्फावरचे खेळ संपलेले आणि उन्हाळ्यांतील गर्दी यावयाची असते, अशा या मधल्या काळांत पुष्कळ उपाहारगृहें बंद असतात आणि कित्येक रज्जुमार्ग डागडुजीसाठीं थांबविलेले असतात. आम्हीं ही चौकशी केली नव्हती. दुसऱ्याच दिवशीं एका रज्जुमार्गाच्या दाराशीं जाऊन आम्ही पाटी वाचून परत फिरलों. चिरंजीव फार खट्टू झाले. पण आमचें कुटुंब म्हणालें, "वर्षभर राबणाऱ्या यंत्राला चार दिवस विसावा नको का? आपल्याकडे पोळ्याला बैलालासुद्धां सुट्टी असते." त्या सुट्टीचा लाभ आम्हांसहि झाला. रस्ते मोकळे, पायवाटा निवांत, आणि पाण्याच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नाहीं.

भोजनाविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आमच्या वाचक भगिनी तें प्रथम विचारतील. आम्हीं स्वयंपाकघर असलेलें एक लांकडी घर भाड्यानें घेतलें होतें. दूध, दहीं, लोणी तेथें उत्तम मिळतें. बटाट्याचा कीस तव्यावर थापून खमंग भाजलेला 'र्‍योश्ती' हा पदार्थ आपल्या थालीपिठाचा दूरचा नातलग म्हणावयास हरकत नाहीं. परंतु तो कोठें कोठें चरबींत परततात, म्हणून आधीं विचारावें. चीजचेंहि तेंच. दूध गोठविण्यासाठीं वासराच्या जठरांतील द्रव्य घालण्याची तेथील जुनी रीत आहे, आणि एमेंटाल व ग्रुयेर या नामांकित जाती त्याच रीतीच्या. हें सूनबाईंनीं सांगतांच आमच्या घरांतून चीजचा विषय संपला आणि वहिनींचें मेतकूट डब्यांतून बाहेर आलें.

चवथ्या दिवशीं आकाश निरभ्र होतें, म्हणून सर्वजण वर निघालों. दोन रुळांच्या मधोमध दांते असलेला तिसरा रूळ आणि त्यांत फिरणारें गाडीचें दांतेरी चाक, अशी ही चढणीची आगगाडी १८९३ पासून चालत आहे. ती क्लाइने शायडेग या २०६१ मीटरांवरील खिंडींत नेऊन सोडते. समोर तीन शिखरें एका ओळींत उभीं असतात: आयगर ३९६७ मीटर, म्योंख ४११० मीटर आणि युंगफ्राउ ४१५८ मीटर. म्योंख म्हणजे भिक्षु आणि युंगफ्राउ म्हणजे कुमारिका.

येथून पुढची गाडी आयगर व म्योंख यांच्या पोटांतून युंगफ्राउयोख या ३४५४ मीटरांवरील स्थानकास जाते. आडोल्फ गुयेर-त्सेलर या उद्योजकाची ही कल्पना. काम १८९६ सालीं सुरू झालें, १८९९ सालीं तो वारला, आणि मार्ग पुरा झाला १९१२ सालीं. सोळा वर्षांतील पहिली तीनच त्याच्या वांट्यास आलीं. परंतु मागच्यांनीं काम सोडलें नाहीं.

आमच्या कुटुंबास दम्याची व्यथा आहे, आणि इतक्या उंचीवर जाऊं नये असें वैद्यांनीं बजावलें होतें. आम्हींहि खिंडींतच थांबावें असें मनांत आणिलें. ती म्हणाली, "अहो, शंभर वेळां काढलीत ना ती फळ्यावर? मग एकदां बघून या. मी इथं सूनबाईबरोबर उन्हांत बसते." तिला मागें ठेवून गाडींत चढतांना पाय जड झाला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

वर पोंचल्यावर पाऊल सावकाश टाकावें लागतें. दहा पायऱ्यांत धाप लागते. मग दक्षिणेस तोंड केलें आणि ती दिसली. आलेच ही आल्प्समधील सर्वांत मोठी हिमनदी असून तिची लांबी वीस किलोमीटर आहे. वसंतांतील बर्फाचें पांघरूण अजून तिच्यावर होतें, त्यामुळें आम्ही फळ्यावर काढीत असूं ते काळे बांध कोठें दिसेनात. केवळ एक पांढरा, रुंद, वळत गेलेला राजमार्ग. आवाज नाहीं, हालचाल नाहीं. आम्हीं हात जोडले. मनांत म्हटलें, हेंच तें अचल.

तोंच शेजारीं उभे असलेले चिरंजीव म्हणाले, "आप्पा, ही वर्षाला किती आटते, ठाऊक आहे का?" आणि त्यांनीं जें सांगितलें त्यानें आमचे जोडलेले हात सुटले. याच हिमनदीच्या कांठीं, कोंकोर्डिया नांवाच्या जागेवर, १८७७ सालीं गिर्यारोहकांसाठीं एक झोंपडी बांधली. तेव्हां ती बर्फापासून सुमारें ५० मीटर उंच होती. झोंपडी जागची हालली नाहीं; बर्फच इतका खालीं बसला, कीं आज दीडशे मीटरांहून अधिक उंचीचा कडा लोखंडी जिन्यानें चढून तेथें पोंचावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या हिमनदीचें टोंक तीन किलोमीटरांहून अधिक मागें सरलें आहे. आणि २०२२ व २०२३ या अवघ्या दोन वर्षांत स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनीं आपला सुमारें एक दशांश बर्फ गमावला.

हे आंकडे कोठून आले, असें आम्हीं विचारलें. उत्तर ऐकून मात्र शिक्षकाच्या मनाला बरें वाटलें. त्या देशांत १८८० नंतर हिमनद्यांच्या टोंकांची पद्धतशीर मोजणी सुरू झाली, आणि ती आजपर्यंत चालू आहे. शरद ऋतूंत माणसें जातात, टोंक कोठपर्यंत आहे तें मोजतात आणि लिहून ठेवतात. हें हजेरीपत्रकच नव्हे काय? मुलगा हुशार आहे कीं मंद, हा पुढचा प्रश्न. आधीं तो वर्गांत आहे कीं नाहीं, हें रोज पाहिलें पाहिजे. पांच पिढ्या ही हजेरी घेतली गेली, म्हणून कोण गैरहजर होत आहे तें आज कळतें.

या हिमनदीच्या पलीकडच्या टोंकाकडे फीश नांवाचें गांव आहे. तेथील कथा आम्हांस फार लागली. सतराव्या शतकांत बर्फ वाढत होता, आणि त्यानें अडविलेलें एक तळें फुटून खालच्या वस्तीवर पूर येत. तेव्हां १६७८ सालीं गांवकऱ्यांनीं, आम्ही धर्मानें वागूं, हिमनदीची वाढ थांबो, असा नवस केला, आणि त्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना चालली. पुढें हिमनदी आटूं लागली. तेव्हां गांवकऱ्यांना प्रश्न पडला, कीं आतां मागावें काय? तो नवस बदलण्यासाठीं त्यांनीं रोमच्या पोपकडे विनंति केली, आणि २०१० सालीं अनुज्ञा मिळाली. आतां ते हिमनदी वांचावी म्हणून प्रार्थना करतात. पूर्वजांचा संकल्प बदलतांना मनाला काय होतें, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास निराळें सांगावयास नको.

खालीं आलों तों आमचें कुटुंब उन्हांत बसून नातीसाठीं टोपी विणीत होतें. "दिसली का?" असें तिनें विचारलें. आम्ही म्हणालों, "दिसली, पण चालली आहे."

दुसऱ्या दिवशीं सर्वांना मिळून पाहतां येईल असें स्थळ निवडलें. ट्र्यूमेलबाख नांवाचे दहा धबधबे कड्याच्या आंत, पर्वताच्या पोटांत आहेत. आयगर, म्योंख व युंगफ्राउ यांच्या हिमनद्यांचें वितळलेलें पाणी या एका भेगेंतून खालीं येतें. आंत पाळण्यानें वर नेतात, मग जिन्यांनीं उतरावयाचें. ऐन भरांत येथून सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत पाणी जातें. आम्ही गेलों तेव्हां भर यावयाचा होता, तरी खडक पायाखालीं थरथरत होता आणि बोललेलें ऐकूं येत नव्हतें. हा ओढा वर्षाला २०,००० टनांहून अधिक दगडमाती पर्वतांतून वाहून नेतो. अमरकोशांतील 'अहार्य' हा शब्द तेथें, त्या ओल्या कठड्याला धरून उभे असतां, आम्हांस आठवला.

तें पाणी दुधासारखें गढूळ असतें, कारण बर्फानें दळलेलें खडकाचें पीठ त्यांत मिसळलेलें असतें. नातीनें विचारलें, "आजोबा, हें पाणी जातं कुठं?" तेव्हां, उद्यां आपण त्याच्या मागोमाग जाऊं, असें आम्हीं तिला सांगितलें, आणि बर्न शहराची एक दिवसाची सहल अशी ठरली.

आगगाडी नदीच्या कांठानेंच इंटरलाकेनला उतरते. ही ल्यूटशिने नदी ब्रियेंझच्या सरोवरांत शिरते आणि आपलें पीठ तेथें तळाशीं टाकते. त्या सरोवरांतून आरे नदी निघते, ती इंटरलाकेन गांवांतून थूनच्या सरोवरांत जाते, आणि तेथून पुढें बर्नला. आमची दुसरी गाडी थून सरोवराच्या कांठाकांठानें तासाभरांत बर्नला पोंचली. पुलावर उभ्या राहून नातीनें खालीं वांकून पाहिलें. पाणी आतां स्वच्छ हिरवें होतें. "आजोबा, हें आपलंच पाणी का?" "होय, तेंच. वाटेंत दोन ठिकाणीं बसून निवळलेलें." पुढें हीच आरे ऱ्हाइनला मिळून उत्तर समुद्रास जाते, असें सांगतांच तिनें पाण्याला हात हालवून निरोप दिला.

बर्न शहर नदीच्या एका वळणाच्या कुशींत वसलें आहे. तीन बाजूंस पाणी. झेरिंगेन घराण्यांतील बेर्टोल्ड राजपुरुषानें तें ११९१ सालीं स्थापिलें. १४०५ सालच्या आगींत लांकडी घरें जळालीं, तेव्हां तें हिरवट वाळूच्या दगडांत पुन्हां बांधलें गेलें. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंस कमानींचे आच्छादित पडवीवजा मार्ग आहेत, त्यांची एकंदर लांबी सुमारें सहा किलोमीटर भरते. पावसांत छत्रीवांचून बाजार करतां येतो, हें आमच्या कुटुंबास सर्वांत अधिक आवडलें. मधोमध जुना घंटाघराचा मनोरा आहे. त्यावरील ज्योतिष-घड्याळ १५३० सालचें असून तें सूर्यचंद्राच्या गति व राशि दाखवितें. तासाच्या कांहीं मिनिटें आधीं यांत्रिक कोंबडा आरवतो आणि अस्वलांची मिरवणूक फिरते. त्याच रस्त्यावर ४९ क्रमांकाच्या घरांत १९०३ ते १९०५ पर्यंत आइनस्टाइन बिऱ्हाड करून राहत होता. दिवसा शोधांच्या नोंदणी कचेरींत नोकरी, आणि घरीं कालाच्या स्वरूपाचा विचार. नोकरीमुळें वेळ मिळत नाहीं, असें म्हणणाऱ्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनीं हें घर पाहून यावें.

नदीकांठच्या सखल माटे मोहल्ल्यांत मात्र आम्ही जरा थबकलों. ऑगस्ट २००५ मध्यें याच शांत हिरव्या नदीनें त्या वस्तींत पूर घातला होता. वर पर्वतांत जें घडतें त्याचा हिशेब खालीं शहरांत द्यावा लागतो, हें त्या एका दिवसाच्या सहलींत जितकें कळलें तितकें पुस्तकांत कळलें नव्हतें.

मे महिन्याच्या मध्यास आम्ही घरीं परतलों. दोन आठवडेहि झाले नाहींत तोंच बातमी आली. आम्ही राहिलों त्या दरीच्या माथ्यावरील शिखरांपलीकडे, दक्षिणेस, लोट्शनताल नांवाची दरी आहे. तेथील ब्लाटेन या गांवावर २८ मे २०२५ रोजीं बर्च हिमनदी कोसळली. वरच्या शिखराचे दगड तिच्यावर सांचत गेले आणि त्या भारानें ती तुटली. गांवाचा सुमारें नऊ दशांश भाग क्षणांत गाडला गेला.

दादांनीं वर्तमानपत्र खालीं ठेवून विचारलें, "माणसं किती होतीं गांवांत?" "सुमारें तीनशें." "आणि गेलीं किती?" आम्ही म्हणालों, "एक गृहस्थ. बाकीच्यांना गुराढोरांसह नऊ-दहा दिवस आधींच बाहेर काढलं होतं." दादा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "म्हणजे कोणी तरी डोंगराकडे बघत होतं."

दादांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांला द्यावें लागलें नाहीं. तें त्यांनींच दिलें. ७ फेब्रुवारी २०२१ रोजीं हिमालयांत चमोली जिल्ह्यांत असाच खडक व बर्फ कोसळून ऋषिगंगेला लोट आला. दोनशेंहून अधिक माणसें मेलीं किंवा बेपत्ता झालीं. त्यांना कोणी सूचना दिली नव्हती. लांब कशाला, ३० जुलै २०१४ ची माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रींची इर्शाळवाडी आपण विसरलों नाहीं. तेथें बर्फ नव्हता, पाऊस होता. पण डोंगर हालला तो हाललाच.

अमरकोश चुकला, असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आपल्याच पुराणांत पर्वतांना पूर्वीं पंख होते आणि इंद्रानें ते कापले, अशी कथा आहे. पूर्वजांना पर्वत हालतो हें ठाऊक होतें. तो थांबला असें त्यांनीं मानलें. उंच शिखरांत भेगांतून गोठलेला बर्फ खडकांना गोंदासारखा धरून ठेवतो, असें आतां शास्त्रज्ञ सांगतात. तो गोंद सुटत चालला आहे. म्हणून अचल हें नांव राहूं द्यावें, पण हजेरी घ्यावी.

ज्यांना ऐपत व सवड आहे त्यांनीं आल्प्सला जावें, आणि वसंतांत जावें. काय बंद आहे याची आधीं चौकशी करावी, उंचीवर जाण्यापूर्वीं वैद्यास विचारावें, आणि एक दिवस पाण्याच्या मागोमाग शहरापर्यंत जावें. मुलें बरोबर असलीं तर उत्तम.

आमच्या घरामागें डोंगराचा उतार आहे. त्यावरचे पाण्याचे चर कित्येक वर्षें बुजलेले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यांत दादा काठी टेकीत स्वतः वर गेले, दोन गडी लावून ते चर मोकळे करविले, आणि उतारावर कोठें नवी भेग पडली आहे काय तें पाहून आले. आतां तें काम दर पंधरवड्यास आमच्याकडे आहे. आम्ही तें वहींत लिहून ठेवतों.